नानींची कवळी घरी, नानी बोटीवर

मी पोळ्या करणारी बाई हाय, कुंड्यांना पाणी घालायला ठेवलेली न्हाई. तरी घालतेय. नानींची सूनबाई म्हणाली, "मावशी, नानींच्या पेन्शनीवर आम्ही सगळे मोठ्या बोटीवर फिरायला चाललोय, तेवढं आठ दिवस बघा." म्हणलं, जावा. म्हातारीनं सरकारी दवाखान्याच्या नोकरीत जन्म काढला, तिनं बघावा समुद्र.

आज दुपारी केडगावला त्यांच्या घरी गेले. नानींच्या खोलीत खिडकीत वाटी, वाटीत त्यांची कवळी. वाटीतलं पाणी पार आटलेलं. दुसरी कवळी न्हाई त्यांना, ही करायला मीच संगं गेल्ते.

तिथंच मोबाईल काढला. सूनबाईच्या स्टेटसला आजचा फोटो. बोट, निळं पाणी आणि मधोमध नानी, तोंडभर दात दाखवून हसताहेत.

लगेच फोन लावला. "नानींना दे."

"झोपल्यात त्या."

"काल बी झोपल्याच हुत्या. उठव की. मला दोन शिव्या घातल्याबिगर करमत न्हाई त्यांना."

ती हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या खोलीत कशाला गेलात?"

मी कुठल्या खोलीत हाय हे तिला सांगितलंच नव्हतं.

बायांनो, पेन्शनीसाठी सरकार दरवर्षी नानींकडं हयातीचा दाखला मागतं. आता मी मागते. सूनबाई, तू बी या व्हॉट्सॲप ग्रुपात हाईस, वाचतीयेस. रविवारपर्यंत नानींना व्हिडिओ कॉलवर आण. फोटो नको.