डोंबिवली ते घोडबंदर, पाचव्या खाचेवर

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही. ही वही माझ्यापुरतीच आहे, तरी कुणी वाचलीच तर चुका सांभाळून घ्याव्यात.

रविवारी सकाळी आमचे हे आणि मी मोटरसायकलवरून डोंबिवलीहून निघालो. माझ्या धाकट्या बहिणीने, सुमनने, घोडबंदर रोडला नवीन घर घेतलंय, तिथे जेवायला जायचं होतं. माझ्या मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा होता. मोठागाव येईपर्यंतच गाडी तीनदा आपटली. स्पीडब्रेकर आला की मागून धाडकन आवाज यायचा आणि डबल स्टँड रस्त्याला घासायचा. मी शरमेने अर्धी होत होते. गाडी माझ्या वजनाने बसते, दुसरं काय. ही शेवटची खेप, यापुढे आपण बसने जायचं, असं मी मनात ठरवून टाकलं.

ठरवलं खरं, पण वाईट वाटलं. आठवडाभर ह्यांची ड्युटी आणि माझं शिवणकाम. आम्ही दोघं मोकळं बोलतो ते गाडीवरच. तिथे माझं तोंड ह्यांना दिसत नाही, म्हणून मला बोलता येतं.

खाडीवरचा नवा पूल मात्र गुळगुळीत. खाली तिवरांची गर्द झाडी, चिखलात बगळे आणि एकच होडी. वारा असा की पदर दातात धरावा लागला. पूल संपला आणि माणकोलीला पुन्हा खड्डे सुरू झाले. गोदामं, ट्रेलर, धूळ. माजिवड्याला पोचेपर्यंत मागचं चाक मडगार्डला घासायला लागलं. ह्यांनी कडेच्या एका गॅरेजपाशी गाडी लावली.

गॅरेजवाले दादा पन्नाशीचे, तिथल्या जुन्या गावातलेच. त्यांनी सीटवर हात दाबून पाहिलं आणि ह्यांना विचारलं, "तुमचा वजन कवरा (केवढं)?"

"चौऱ्याण्णव."

"न (आणि) वयनींचा?"

"पंचावन्न," हे म्हणाले.

मी डब्याकडे बघत राहिले. कल्याण स्टेशनवरच्या काट्यावर एकदा वजन केलं होतं, तेव्हा तिकीट मुठीत लपवून मीच ह्यांना पंचावन्न सांगितलं होतं.

दादांनी चाकाच्या दोन्ही बाजूंचे शॉकअप दाखवले. स्प्रिंगच्या खाली एक कडं असतं, त्याला पाच खाचा. कडं आकड्यासारख्या पान्याने फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी जास्त वजन पेलते. त्यांनी दोन्हीकडे तिसरी खाच लावली आणि म्हणाले, "जरा फिरून या न."

पहिल्याच स्पीडब्रेकरला धाडकन.

परत आलो तर दादा हसत उभे होते. "आवाज हितवर आला. वयनी, आमी डॉक्टरवानी. आमच्यापाशी खरा सांगाचा."

डबा घट्ट धरून मी म्हटलं, "ब्याऐंशी."

हे शांतपणे म्हणाले, "मला अंदाज होता."

"मग पंचावन्न कशाला सांगितलंत?"

"तू सांगितलेलंस ना. चारचौघांत तुला खोटं पाडू का?"

दादा म्हणाले, "म्हंजे पावनेदोनशे किलो. न गारी (गाडी) आली तवा पयल्या खाचेवर व्हती, एकल्या मानसाची. वयनींचा काय दोष?" त्यांनी पाचवी खाच लावली, मागच्या टायरमध्ये हवा वाढवली, मग आम्हां दोघांना डब्यासकट गाडीवर बसवून मागचा भाग किती खाली जातो ते बोटांनी मोजलं. रस्त्यावरचे लोक बघत होते. मी बसून राहिले.

"पैसे किती?" ह्यांनी विचारलं.

"दीडशे. पन आदी जाऊन या. वाजली तं देऊ नका."

घोडबंदर रोडला गाड्यांची ही रांग. दोन्हीकडे मान दुखेल एवढ्या उंच इमारती. गाडी डुलत चालली होती, पण आपटली नाही. कासारवडवलीला सुमनकडे पोचेपर्यंत मी एकटीच बोलत होते. सुमनने कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. माझ्या वड्यांचा पार चुरा झालेला. तिच्या मुलांनी तो चमच्याने खाल्ला.

परतताना उन्हं उतरली होती. गाडी घेतली तेव्हा हे एकटेच कामावर जायचे, तेव्हाची ती पहिली खाच. मी मागे बसायला लागले तेव्हाच पाना लावायला हवा होता. उगाच इतके दिवस मी स्वतःला बोल लावला.

माजिवड्याला दादांनी लांबूनच विचारलं, "वाजली का?"

ह्यांनी खिशात हात घालायच्या आत मी उतरले. "एकदाही नाही," मी म्हटलं, आणि माझ्या शिवणकामाच्या पैशांतून पुरते दीडशे रुपये त्यांच्या हातावर ठेवले.