प्लायवूडमागचं भित्तिचित्र

जयनगरच्या आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच भाजक्या मातीचं भित्तिचित्र होतं, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांचं. मी तिथेच रिसेप्शनवर बसते. इमारत विकत घेतल्यावर कंपनीला त्या भिंतीवर स्वतःचा लोगो हवा होता. वकील म्हणाले, "चित्र विकलं तरी चित्रकाराचा नैतिक हक्क उरतो. मोडतोड करू नका, नाव काढू नका. पण ते लोकांना दाखवलंच पाहिजे असं काही बंधन नाही. झाका खुशाल."

प्लायवूड बसवायच्या दिवशी म्हातारे चित्रकार स्वतः आले. आता भांडण होणार असं मला वाटलं. त्यांनी फक्त बादलीभर पाणी आणि फडकं मागितलं. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून म्हणाले, "मी बेळगावकडचा, अक्का. कायदा ठाऊक आहे मला."

मग बोटाला फडकं गुंडाळून ते एकेका बाईचा चेहरा पुसत बसले. सुतार ड्रिल घेऊन पुढे आला की हात आडवा धरून कन्नड वळणाने म्हणायचे, "स्वल्प थांबा. इथे नको, कडेला."

मला राहवलं नाही. "आजोबा, आता कोण बघणार आहे हे?"

"झोपवायच्या आधी लेकराचं तोंड पुसतोच की आपण," ते म्हणाले.

कोपऱ्यात त्यांचं नाव कन्नडमध्ये कोरलेलं होतं. मला वाचता येईना आणि विचारायचं राहूनच गेलं. आता तेही आत आहे.

प्लायवूडवरच्या त्या लोगोशेजारी कुणी काही ठोकायला आलं, की मी खुर्चीवरून उठते आणि हात आडवा धरते. "स्वल्प थांबा."