डॉक्टरांच्या बत्तीस मशिनी

त्यांना सगळे डॉक्टर म्हणत आणि ते त्यांना आवडायचं. खरं तर ते शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री. पण मशीनसमोर बसायची तऱ्हाच अशी, की बघणाऱ्याने श्वास धरून उभं राहावं. आधी चष्मा पुसायचा, मग चाक अर्धा फेरा फिरवायचं, मान तिरकी करून आतला आवाज ऐकायचा आणि जीभ टाळूला लावून एकदाच ‘च्’ करायचं. त्या एका ‘च्’वर गावातल्या कितीतरी शिवणाऱ्या बायकांचा जीव टांगणीला लागलेला असे.

आता खरं काय ते सांगून टाकतो. हे डॉक्टर धडधाकट रोग्याला मेलेला ठरवण्यात पटाईत होते. एखादी मशीन मनात भरली, म्हणजे जुनी, जड, लोखंडी पायांवर वेलबुट्टी असलेली, की ते घरातल्या बाईला पाणी आणायला आत पाठवत. ती तांब्या घेऊन येईपर्यंत मशीनच्या तोंडाचं झाकण उघडून आतली सुईदांडी तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी वर सरकवलेली असे. बस्स, एवढंच. चाक फिरतं, सुई वर-खाली होते, पण खालचा दोरा तिला काही सापडत नाही आणि टाका पडत नाही. मग ‘च्’. मग आतून झिजली, सुटे भाग आता येत नाहीत, ठेवून नुसती जागा अडेल. बाई रडवेली होऊन विचारायची की आता काय करू, आणि डॉक्टर मोठ्या मनाने भंगाराच्या भावात ती उचलून न्यायचे. घरी येऊन सुईदांडी खाली केली की मशीन पुन्हा चालू.

अशा बत्तीस मशिनी त्यांच्या खालच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. प्रत्येकीला त्यांनी स्वतःच्या हाताने काळाकुळीत रंग दिलेला, आणि कोपऱ्यातली एक सोडून प्रत्येकीला कापडाची एक चिठ्ठी बांधलेली: उशावाली, पडदेवाली, कोपऱ्यावरची विधवा, बटणवाल्या बाई. नाव एकीचंही नाही. संध्याकाळी ते दार लोटून घेत, एकेकीला तेल पाजत आणि पलीकडे स्वयंपाकघरात असलेल्या बायकोला मोठ्याने सांगत, की आज हिचा आवाज कसा लोण्यासारखा येतोय. बायको पोळ्या लाटता लाटता ‘हं’ म्हणे. तिला त्या खोलीत यायची मुभा नव्हती. फडक्याने रंगावर चरे पडतात, असं डॉक्टरांचं म्हणणं.

मग बायको जिन्यावरून पडली. झोपायची खोली वर, जिना शिडीसारखा उभा, हातात कपड्यांची बादली. खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. उजवा पाय काठीसारखा झाला आणि जिना चढणं जन्माचं संपलं. दवाखान्यातून तिची धाकटी बहीण तिला आपल्या घरी घेऊन गेली, कारण डॉक्टरांच्या घरात खाली खाट टाकायला हातभर जागा नव्हती.

ही मेहुणी म्हणजे सरळ बोलणारी बाई. तिने तीन महिने वाट पाहिली आणि चौथ्या महिन्यात दारात उभी राहून सांगितलं, “दाजी, ती मशिनं बाहेर, तर माझी ताई आत. महिनाभरात खोली पूर्ण रिकामी दिसली नाही, तर ती कायमची माझ्याकडे राहील. मग न्यायला येऊ नका.”

डॉक्टर हादरले. एकट्याने राहून त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. भात खालून करपायचा आणि वरून कच्चा राहायचा. पण ते एक वेळ सोसवलं असतं. संध्याकाळी तेल घालताना ते सवयीने बोलून जात आणि पलीकडून ‘हं’ येत नसे, ते मात्र सोसवेना. चौतीस वर्षांत त्या ‘हं’कडे त्यांनी कधी कान दिला नव्हता. आता तो नाही म्हटल्यावर भिंतीसुद्धा ऐकत नाहीत असं वाटायला लागलं. बायको परत हवी होती. त्यासाठी मशिनी विकायच्या, हे त्यांनी ठरवलं.

ठरवलं खरं, पण विकणार कुणाला? आधी दारावर पाटी लावली. ती वाचून एक म्हातारा आत आला आणि तासभर बसून स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलून गेला. मग फोनवर फोटो टाकले. फोन खूप आले. एकाने विचारलं, जुन्या मशीनमध्ये म्हणे लाखो रुपयांचा लाल पारा असतो, तो काढून ठेवलाय का. दुसऱ्याला एकच मशीन हवी होती, तीही मुलीच्या नाटकापुरती, दोन दिवसांसाठी, फुकट. शिंप्यांच्या दुकानांत गेले, तर तिथे सगळ्यांकडे विजेवरची मशीन. एक शिंपी हसून म्हणाला, डॉक्टर, आता पाय हलवायचे दिवस गेले, आम्ही पाय फक्त दुखायला ठेवलेत.

जुन्या वस्तू जमवणारा एक शौकीन मात्र दुरून गाडी करून आला. डॉक्टरांनी नवा सदरा घातला. शौकिनाने भिंग काढलं, पहिली मशीन पाहिली, दुसरी पाहिली, आणि विचारलं की मूळचा रंग आणि सोनेरी नक्षी कुठे आहे. डॉक्टरांनी अभिमानाने सांगितलं, की घासून काढली, सगळी फिकट झाली होती, आता बघा कशी आरशासारखी चकाकते. शौकिनाने भिंग खिशात ठेवलं. त्याने सांगितलं, की जुन्या मशीनचं मोल तिच्या जुनेपणात असतं, आणि तुम्ही बत्तीसच्या बत्तीस जणींची कातडी सोलून ठेवली आहे. चहाही न घेता तो गेला.

तेव्हा डॉक्टरांना ती कल्पना सुचली, आणि सुचली तेव्हा ते स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले. आईची मशीन म्हटलं की कुठली लेक जीव टाकणार नाही? चिठ्ठ्या तर होत्याच. त्यांनी पहिला निरोप बटणवाल्या बाईंच्या मुलीला धाडला. ती आता शाळेत शिकवायची. निरोप मिळाल्या दिवशीच ती धावत आली.

मशीन पाहून तिचे डोळे भरले. लोखंडी पायांवरून तिने हात फिरवला, चप्पल काढली, स्टुलावर बसली आणि एक चिंधी सुईखाली धरून पाय हलवले. टाके पडत गेले, सरळ, बारीक, एकासारखा एक. डॉक्टर म्हणाले, बघा, कशी राखली आहे. मुलगी थांबली. तिने चिंधी सुईखालून ओढून काढली.

“आईला तुम्ही सांगितलं होतं, ही गेली म्हणून,” ती म्हणाली.

डॉक्टर सांगायला लागले. त्या वेळी गेलीच होती, नंतर मी वर्षभर झटलो, जीव ओतला, वगैरे. मुलगी ऐकून घेत होती. मग तिने सांगितलं, की मशीन गेल्यावर आई कारखान्यात काजं-बटणं करायला लागली. बारा बारा तास दिव्याखाली. दोन्ही डोळे त्यातच गेले. शेवटी ती चाचपडत यायची आणि जिथे मशीन होती त्या रिकाम्या जागेला हात लावून बघायची. हे सांगताना मुलीचा आवाज चढला नाही. तिने चप्पल घातली आणि मशीन न घेताच निघून गेली.

डॉक्टरांना वाईट वाटलं का? वाटलं असावं थोडं. पण त्यांनी पुटपुटून घेतलं ते एवढंच, की गिऱ्हाईक हातचं गेलं. मुलगी मात्र गप्प बसणारी नव्हती. आठवड्याभरात गावातल्या जितक्या घरांतून मशीन ‘मेली’ होती, तितक्या घरांत हिशेब जुळायला लागला. कुणी निरोपाला उत्तर देईना. वाण्याच्या दुकानात डॉक्टर शिरले की बायका जीभ टाळूला लावून ‘च्’ करत आणि हसत. करावे तसे भरावे, हे आपण मुलांना शिकवतो. इथे अख्खं गाव एका म्हाताऱ्याला शिकवायला निघालं होतं आणि त्यात कुणालाच दया येत नव्हती. मलाही येत नाही, खोटं कशाला सांगू.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा एक फर्निचरवाला आला. बाहेरचा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने मशिनींकडे पाहिलंच नाही, उकिडवा बसून पायांकडे पाहिलं. त्याला फक्त लोखंडी पाय हवे होते. त्यावर काच टाकून उपाहारगृहांना टेबलं विकायची होती.

“वरची मुंडकी काढून ठेवा. ती मला नकोत,” तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, की सगळ्या चालू आहेत, एकूण एक. त्यांनी उशावालीचं चाक फिरवून दाखवलं. फर्निचरवाला म्हणाला, “काका, चालू असून काय करू? लोक त्यावर जेवणार आहेत.”

एकतीस मुंडकी डॉक्टरांनी स्वतःच्या पान्याने उतरवली. दोन दिवस लागले. काही बोल्ट गंजून बसले होते, तिथे फर्निचरवाल्याच्या माणसांनी हातोडा घातला आणि मशिनी मानेतून तुटल्या. अंगणात त्यांचा ढीग झाला. मग भंगारवाला आला. त्याने एक मुंडकं उचललं, उलटंसुलटं केलं, जीभ टाळूला लावली आणि म्हणाला, आतून झिजलेलं दिसतंय, यात काही दम नाही. त्याने दिले ते पैसे डॉक्टरांनी न मोजता खिशात घातले.

बत्तिसावी त्यांनी ठेवून घेतली.

ही सगळ्यांत पहिली. कोपऱ्यात, कापडाखाली, बिनचिठ्ठीची. लग्नानंतर चौथ्या वर्षी डॉक्टरांची बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. हात असा बसलेला, की जूनमध्ये दारात रांग लागे. नवऱ्याच्या दुकानात माशा, आणि बायकोच्या ओटीवर माणसं. लोक डॉक्टरांना ‘शिवणाऱ्या बाईंचा नवरा’ म्हणू लागले. एका दुपारी ती पाण्याला गेली असताना त्यांनी तिच्या मशीनची सुईदांडी तांदळाच्या दाण्याइतकी वर सरकवली. पुढची सगळी विद्या त्या दुपारी सुचलेली. बायकोने तीनदा विनवलं, अहो, पुन्हा एकदा बघा ना. त्यांनी तीनदा बघितलं आणि तीनदा ‘च्’ केलं. मग भंगारात दिली म्हणून सांगितलं. त्यानंतर तिने सुई धरली ती फक्त त्यांची बटणं लावायला.

आता ही मशीन तिच्या खाटेजवळ ठेवायची, असं त्यांच्या मनात आलं. डावा पाय चांगला आहे, हात चांगले आहेत, बसल्या बसल्या शिवेल, खूश होईल. रंग नवा, चाक बदललेलं, तिला कुठून कळणार? खरं सांगून टाकावं, हेही एकदा मनात आलं होतं. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा दोष दाखवला, त्याची जीभ स्वतःच्या दोषापाशी अडखळते. त्यांनी खाट टाकली, नवी चादर अंथरली, मशीन पुसून खाटेशी लावली.

शेवटच्या दिवशी मेहुणीने बायकोला गाडीतून आणलं. गाडीवाल्याने आणि तिने मिळून खुर्चीवरून आत घेतलं आणि खाटेवर बसवलं. रिकामी खोली बघून मेहुणीसुद्धा म्हणाली, सांगितलं तसं केलंत हो दाजी. डॉक्टरांचा ऊर भरून आला. त्यांनी मशीनवरचं कापड ओढलं.

“तुझ्यासाठी ठेवली,” ते म्हणाले.

बायकोने फळीवर हात ठेवला आणि बोटं फळीच्या कडेखाली नेली. तिथे ती तशीच ठेवून तिने विचारलं, “कुणाची हो ही?”

“होती एका म्हातारीची. मेली बिचारी.”

“आणि बंद कशी पडली होती?”

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण महिनाभर कुणी त्यांना त्यांच्या विद्येबद्दल विचारलं नव्हतं, आणि विचारणारी तीच होती, जिच्या ‘हं’साठी ते तळमळत होते. डॉक्टरांनी चष्मा पुसला, बाजूचं झाकण उघडलं, सुईदांडी बोटाने दाखवली. म्हणाले, बंद कसली, काहीच झालं नव्हतं, ही एवढीशी वर सरकली होती, तांदळाच्या दाण्याइतकी.

“दोन मिनिटांचं काम,” ते म्हणाले.

“हं,” बायको म्हणाली.

मग तिने त्यांचा हात धरून फळीखाली नेला. कडेला चार खाचा होत्या, तिनेच कधीकाळी भाजीच्या सुरीने पाडलेल्या, बोटाला लागाव्या एवढ्या. चार इयत्तांच्या बाह्यांची मापं. डॉक्टरांनी मशीनचं चाक बदललं, सगळं लोखंड घासलं, रंगवलं. मिस्त्री लोखंड बघतो. लाकूड त्यांनी तीस वर्षांत कधी उलटून पाहिलं नव्हतं.

“गावातलं माझ्या कानावर आलं होतं,” ती म्हणाली. “तरी म्हटलं, माझं तरी तसं नसेल. आणि असलंच, तर आज सांगतील.”

मग ती बहिणीला म्हणाली, “गाडीवाला गेला नसेल तर थांबव त्याला. ही मशीनही चढवायला सांग. माझी आहे.”

गाडीवाल्याने आणि मेहुणीने आधी मशीन नेली, मग बायकोला. डॉक्टर दाराला टेकून उभे होते आणि जायला वाट हवी म्हणून त्यांना दोनदा बाजूला व्हावं लागलं. गाडीचा आवाज गेल्यावर ते आत आले आणि खाटेच्या कडेला बसले. सवयीने तोंडातून निघून गेलं, की आज हिचा आवाज ऐकायचा राहिलाच.

पलीकडून काही आलं नाही. मेहुणीने सांगितल्याप्रमाणे खोली आता पूर्ण रिकामी होती.