कळशीतलं पाणी

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाय. पण खांब गावापासून नागोठण्यापर्यंत कुणालाही विचारा, विहिरीवाला महिपती म्हणून लोकच सांगतील. शेतात पहार आपटायची, कान द्यायचा नि सांगायचं, "आठ हात मुरूम, खाली कातळ." चाळीस वर्षांत कधी चुकले नायत. पण गर्व किती, बाई! भाकरी करपलेली चालेल, शब्द खाली पडलेला चालायचा नाय.

गेल्या साली दिवाळीनंतर माणसं आली. आमच्या डोंगरावर खडीची खाण काढायची होती, त्याआधी माती नि दगड तपासायचे होते. त्यांची मोठी साहेबीण म्हणजे नम्रता, नातीच्या वयाची पोर. मशीन जमिनीत भोक पाडायचं, आतून दगडाच्या लांब कांड्या निघायच्या, त्या ती लाकडी पेटीत ओळीने मांडायची. वाट दाखवायला ह्यांना रोजावर घेतलं. पहिल्याच दिवशी हे छाती काढून म्हणाले, "म्याडम, इथं अखंड कातळ. सुई जायाची नाय."

चार दिवस तसंच निघालं. पाचव्या दिवशी मी भाकरी घेऊन वर गेले. मशीन तापू नये म्हणून भोकात पाणी सोडतात, ते परत वर येतं. त्या दिवशी भोक तीस फुटांखाली गेलं नि पाणी वर येईचना. अख्खं पिंप रिकामं झालं.

"काका, खाली भेग आहे," नम्रता म्हणाली. "पाणी कुठेतरी जातंय. खालच्या अंगाला झरा आहे का?"

मजूर सगळे ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "झरा? नाय नाय. इथं कसला झरा!"

आणि मी तिथंच उभी, कमरेवर त्याच झऱ्याच्या पाण्याने भरलेली कळशी! डोंगराच्या पायथ्याला आंब्याखालचा झरा तो. नळ आटले की अख्खी वाडी त्याच्यावर उन्हाळा काढते.

"मावशी, जरा पाणी देता?" पोरीने ओंजळ पुढे केली. "अगंबाई, किती गार आहे!" प्याली, हात पुसले नि ह्यांचं म्हणणं वहीत लिहून टाकलं. कुठलं पाणी म्हणून तिने विचारलं असतं तर मी बोलले असते. नाय विचारलं. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? मेलं हे माझं तोंड, घरात दिवसभर गप्प बसत नाय, तिथंच बसलं.

दुसऱ्या दिवशी झऱ्याला पाणी राखाडी आलं. मी कळशी ह्यांच्यापुढे आदळली. ह्यांनी बोट बुडवलं, चोळलं, जिभेला लावलं. मशीनने कापलेल्या दगडाचं पीठ होतं. मी म्हटलं, "जा, त्या पोरीला सांगून या." हे म्हणाले, "उद्या जातो." उद्या मशीन ट्रकवर चढून गेलंसुद्धा. तिचा नंबर आमच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. दोन दिवसांनी पाणी निवळलं, मग आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाय.

परवा शाळेच्या पडवीत खाणीची सभा झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबाने तपासणीचा कागद वाचला, "पायथ्याला पाण्याचा झरा नाही. माहिती देणारे, स्थानिक जाणकार महिपती."

हे उठले. "साहेब, मी खोटं बोललो. झरा हाय. भेगेतनं पाणी तिथंच येतं." असं ह्यांना बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला रडू आलं.

"बाबा, आता मंजुरी झालीय," साहेब म्हणाला. "आता असं काहीही सांगाल. भेगेतलं पाणी झऱ्याला येताना कोणी पाहिलं होतं?"

मी उठले. "मी पायलं. मी तिथंच होते. दुसऱ्या दिवशी माझ्या कळशीत दगडाचं पीठ आलं."

"मग आजी, तेव्हा का नाही बोललात?"

रोज माझ्याबरोबर त्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बाया माना वळवून माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बसले.