कोपर ते बाळकुम, तेल पाजलेल्या होडीतून

कोपरहून बाळकुमला होडीने जायचं कुणाच्या डोक्यात असेल तर जा, मी अडवत नाही. फक्त होडीवर पाय ठेवायच्या आधी वाकून एकदा हात फिरवा. मी नाही फिरवला, म्हणून माझा प्रवास कमरेवर सुरू झाला.

माझी आई बाळकुमला माझ्या भावाकडे असते. सगळा जन्म मिठागरात गेला, आता अकराव्या मजल्यावर बसते. गुडघा बदलल्यापासून तिला कुठे सोडतच नाहीत. तिला माझ्याकडे यायचं होतं. पण गाडीत बसली की कळवा यायच्या आत उलटी, आणि शिळफाट्याचे खड्डे नव्या गुडघ्याला दाखवायची कुणाची हिंमत नाही. स्टेशनचे जिने तर सोडाच. तेव्हा आमचे हे म्हणाले, "होडी आहे ना!"

ह्यांनी गेल्या वर्षी एका रिसॉर्टवाल्याकडून जुनी फायबरची होडी घेतली. पांढरी, इंजिनवाली. उभं राहतो तिथे सगळीकडे बारीक खरखरीत दाणे, पाय घसरू नये म्हणून कंपनीनेच पाडलेले. मी मनात म्हटलं, आईला हेच बरं.

भावाला फोन केला. त्याला आम्ही दादूस म्हणतो. तो म्हणाला, "ने. पन आय एकदा जरी घसरली ना, मंग परत दाराभायेर काढनार नाय. तुझ्याकडं नाय, लग्नाला नाय, कुटंच नाय." दादूस बोलतो ते करतो, तेवढाच त्याचा दोष.

आता जाणाऱ्यांसाठी. मुहूर्त बघायचा तो पाण्याचा. सुकतीला, म्हणजे पाणी उतरायला लागलं की कोपरहून निघायचं आणि भरतीबरोबर परत यायचं. पाणीच ओढून नेतं. उलटं केलंत तर एवढं पेट्रोल जाळाल की तेवढ्यात रिक्षाने जाऊन, जेवून, परत येऊन झोप पण झाली असती. लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी. आणि डबा न्या. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा नेलेला. खाडीत टपरी नाही.

सकाळी ह्यांनी ताडपत्री काढली. होडी आरशासारखी चमकत होती. मी पाय ठेवला आणि पुढच्या क्षणाला आभाळ बघत होते.

"अगं हळू! काल तेल पाजलंय."

"कुणाला?"

"होडीला."

मग कथा बाहेर आली. दाण्यांमध्ये खाडीचा चिखल बसून सगळं काळपट झालेलं. सासूबाई येणार म्हणून ह्यांनी संडास धुवायचं ॲसिड ओतलं. काळं गेलं, पण चमकही गेली. चमक यावी म्हणून बाटलीभर करंजेल चोळलं आणि वर ताडपत्री टाकली.

"बाबा दर वर्षी पाजायचे," हे म्हणाले.

"बाबांची होडी लाकडाची होती. लाकूड तेल पितं. हे प्लास्टिक काय पिणार? गुळण्या करणार!"

पण सुकती लागलेली, थांबता येईना. निघालो. मी पूर्ण रस्ता बसून केला. बसून म्हणजे वळणावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्यातही डाव्या हाताला मुंब्र्याचा डोंगर दिसला, छान दिसतो. खारफुटीवर बगळे होते. वास मात्र करंजेलाचा, त्यामुळे खाडीच्या वासाची तक्रार करायला जागा राहिली नाही. खारेगावच्या पुलावर ट्रक अडकलेले. ड्रायव्हर वरून आमच्याकडे बघत होते, आम्ही खालून त्यांच्याकडे. दोघंही वैतागलेलो. फक्त ते घसरत नव्हते.

कशेळीच्या पुलाखालून गेलं की बाळकुम आलंच. काठावर दादूस उभा. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत आई, मांडीवर पिशवी. नवी साडी नेसलेली. सकाळपासून तयार बसलेली म्हणे.

दादूसने होडीवर एक पाय ठेवला आणि तो पाय त्याला न विचारता पुढे गेला. मी पकडला म्हणून वाचला.

"झाला. आय, चल घरी."

आई हलली नाही. "भरतीला टाइम हाय. मी बसते."

म्हणजे भरती येईपर्यंत मला वेळ होता. हे लगेच तारेची घासणी घेऊन सरसावले. मी हिसकावली. तारेने तेल निघेल न निघेल, दाणे मात्र निघतील, मग होडीला टक्कल पडेल. मी फडक्याने पुसून पाहिलं. तेल एका खळगीतून उठून दुसऱ्या खळगीत जाऊन बसत होतं. तेवढ्यात कानात वायर घातलेला एक माणूस चालता चालता थांबला.

"आंटी, यूट्यूबवर व्हिडिओ आहे ह्याचा."

"तू बघ, आणि शेवटी काय होतं ते मला येऊन सांग."

आई खुर्चीतून वाकली. होडीच्या कडेवर तळहात ठेवला, फिरवला.

"यो तर पाटा हाय," ती म्हणाली. "टाकी मारलेला."

मिक्सरवाल्यांसाठी सांगते. मसाला वाटायचा पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली बाई यायची. छिन्नी-हातोडीने ठोकून बारीक खळगे पाडून जायची. नाहीतर मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही.

"पाट्याला त्याल कोन लावतं, जावयबुवा?"

जावयबुवा इंजिन बघायला लागले.

मग मला सुचलं, पाटा धुतात तसंच धुवायचं. दादूसच्या घरून गरम पाणी मागवलं. वॉचमन म्हणाला, लिफ्टमधून बादली न्यायला परवानगी नाही. ती बिल्डिंग आमच्याच शेतावर उभी आहे. दादूस त्याला काय बोलला ते इथे लिहीत नाही, पण बादल्या आल्या.

भांडी घासायचा साबण गरम पाण्यात कालवून ओतला आणि जरा राहू दिला. मग काथ्याने घासलं, आधी गोल, मग उभं, मग आडवं. एका वेळी परातीएवढीच जागा. सुटलेलं तेलकट पाणी स्पंजने टिपून बादलीत पिळलं. खाडीत नाही ओतलं, तिच्या पोटात आधीच काय कमी आहे? पहिल्या हाताने चमक गेली, दुसऱ्या हाताने वास गेला. शेवटी साधं पाणी मारलं. हे मुकाट बादल्या उचलत होते. लग्नापासून पहिल्यांदाच.

पाणी चढायला लागलं. मी ओल्या होडीवर अनवाणी उभी राहिले आणि दादूसला म्हटलं, "ढकल."

"पडशील ना!"

"म्हनून तर. ढकल."

त्याने ढकललं. लहानपणापासूनचं सगळं काढलं त्यात. मी जागची हलले नाही. मग तो स्वतः चढला, उड्या मारून बघितल्या. तोंड वाकडं केलं, पण परत "चल घरी" नाही म्हणाला. त्याने आईसाठी खास पकडवाले बूट आणलेले, ते पुढे केले.

"होरीवर चपला? लक्ष्मी हाय ती," आई म्हणाली. चप्पल काठावर काढून तिने माझा हात धरला आणि पाय टाकला. बोटं खाली रोवली. दुसरा पाय टाकला. मग माझा हात सोडला.

"लागतंय पायाला."

मी तिचा हात परत धरला. "दुखतंय?"

"नाय गं बाय. लागतंय म्हंजी समजतंय, पाय कुटं हाय तो."

तेव्हा मला आठवलं, दादूसच्या घरात ती भिंत धरून चालते. त्याने हौसेने टाइल्स बसवल्यात, तोंड दिसतं त्यांच्यात.

परतीचं वर्णन काय करू? भरती होती, पाण्यानेच आणलं. आई पुढे बसून भाकरी खात होती आणि कुठे कुणाचं मिठागर होतं ते ह्यांना दाखवत होती. हे मान डोलवत होते. आज ते कशालाही मान डोलवणार होते.

अशी होडी असेल तर ध्यानात ठेवा. आल्या आल्या गोडं पाणी मारा, चिखल वाळू देऊ नका. सुकल्याशिवाय ताडपत्री टाकू नका, खाली काळी बुरशी धरते. उन्हात मात्र झाका. ॲसिड नको, तार नको. तेल आणि मेण तर नकोच, चमक हवी असेल तर होडीच्या बाहेरच्या बाजूला काय ते चोळा. पूजेचा नारळ काठावर फोडा, होडीवर नको. आमचं ॲसिड पडलं तिथले दाणे अजून निस्तेज आहेत, ते तसेच राहणार. पाय धरतात, बास.

आई अजून माझ्याकडेच आहे. आमच्या जुन्या शहाबादी फरशीवर भिंत न धरता फिरते. दादूसचा रोज फोन येतो, कधी पाठवतेस म्हणून. आई आतून ओरडते, "सांग त्याला, सुकती नाय आज."

खाडीला रोज दोनदा सुकती येते. अकराव्या मजल्यावरून दिसत नसावी.