शिवगंगेचा रविवार

परदेशातून बेंगळुरात शिकायला आलेली पोरं शनिवार-रविवारी खोलीत टिकत नाहीत. शुक्रवारी शेवटचा तास सुटला की पाठीला पिशव्या लावून तयार. हंपी म्हणा, म्हैसूर म्हणा, कूर्ग म्हणा. आणि त्यांना नेणारा-आणणारा, गेली अकरा वर्षं, बसवनगुडीचा गुंडो. वय चोपन्न. हाताखाली चौदा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर. घराण्याचा मूळपुरुष शहाजीराजांच्या घोडदळातून इकडे आला आणि इथलाच झाला, असं त्याच्या घरात सांगतात. गुंडो म्हणे, "त्याच्या हातात लगाम होता, माझ्या हातात स्टिअरिंग आलं. त्याचं घोडं तरी रात्री झोपत असेल."

हंपीला गुंडो दोनशे वेळा तरी गेला असेल. तिथलं पाहिलं काय? पार्किंग. कुणी विचारलं, अण्णा, तो दगडी रथ कसा आहे हो, तर उत्तर यायचं, "गाडीतळावर चिंचेची सावली बरी आहे." तो चेष्टा करत नव्हता. ड्रायव्हरचं अंगच तसं घडतं. हँडब्रेक ओढला की डोळा मिटला. पोरं डोंगर चढतील तेवढीच त्याची झोप. चार तास मिळाले तर चार तास, चाळीस मिनिटं तर चाळीस मिनिटं. आणि ज्यांना ड्रायव्हर लोक आळशी वाटतात त्यांनी एकदा शुक्रवारी हंपीला गाडी काढावी, रविवारी पहाटे दुसरी ट्रिप उचलावी, आणि मग तोंड उघडावं.

त्याची एकुलती एक पोर क्षमा. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात दोन वर्षं काम करून ती पुढे शिकायला जर्मनीला निघाली होती. मंगळवारचं विमान. बापाकडे तिने एकच गोष्ट मागितली.

"अप्पा, तुम्ही जगाला फिरवता. मला एकदा तरी कुठे नेलंय? जायच्या आधीचा रविवार मला द्या. शिवगंगेच्या डोंगरावर जाऊ. वर दगडात तो खळगा आहे ना, नशीबवानाच्याच हाताला आत पाणी लागतं म्हणतात, तिथे. दोघंच."

गुंडो हो म्हणाला आणि तीन आठवडे आधी मालकासमोर, नागराजसमोर, उभा राहिला.

"रविवारी सुट्टी?" नागराज हसला. "अण्णा, भटजींनी ऐन मुहूर्ताला रजा मागावी तसं झालं की हे."

"पोरगी जातेय. दोन वर्षं दिसायची नाही."

"मग सोमवारी घ्या. कोण नको म्हणतंय?"

सोमवार सामान बांधण्यात आणि पाहुण्यांत जाणार होता. गुंडोचं डोकं फिरलं. त्याने किल्ली टेबलावर आपटली. "त्या रविवारची पोरं शिवगंगेला न्यायची असतील तर नेतो. माझी पोरगी पुढे माझ्या शेजारी बसेल. नसेल जमत तर दुसरा ड्रायव्हर बघ."

कन्नड, हिंदी आणि मोडक्या इंग्रजीत परक्या पोरांना सांभाळणारा माणूस रस्त्यावर पडलेला नसतो, हे नागराजला ठाऊक होतं. "सरी, सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "शिवगंगे तर शिवगंगे."

गुंडो लढाई जिंकल्यासारखा घरी आला. पण मालक मालकच. त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी त्याने गुंडोला हंपीला धाडलंच. शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर गुंडो घरी टेकला आणि रविवारी सहाला पुन्हा गाडीत. मागे बारा पोरं, शेजारी क्षमा.

"अप्पा, डोळे लाल आहेत."

"धूळ आहे."

"काच बंद आहे की."

"मग आतली धूळ. गप बस, स्वल्प रस्ता बघू दे."

शिवगंगेला पोचेपर्यंत नऊ वाजले. पोरं उड्या मारत उतरली आणि पायऱ्यांच्या वाटेला लागली. क्षमाने बापासाठी कापडी बूट आणले होते, चढायला बरे म्हणून. गुंडो म्हणाला, "तू खाली उतर. गाडी सावलीत लावतो, बूट घालतो, आलोच." त्याने गाडी झाडाखाली घेतली, हँडब्रेक ओढला आणि एका पायात बूट घातला.

जाग आली ती काचेवरच्या थापांनी. "अंकल! अंकल!" ऊन पुढच्या काचेतून थेट तोंडावर आलं होतं. घड्याळात अडीच. एका पायात बूट, दुसरा मांडीवर. बाहेर घामाघूम पोरं, आणि त्यांच्या मागे नाक लाल झालेली क्षमा.

गुंडो गाडीतून उतरला तो ओरडतच. "उठवलं का नाहीस?" पोरं दोन पावलं मागे सरली.

"उठवलं. तीनदा उठवलं," क्षमा म्हणाली. "पहिल्यांदा म्हणालात, दहा मिनिटं. दुसऱ्यांदा म्हणालात, सीट बेल्ट लावा. तिसऱ्यांदा हात जोडलेत, अप्पा. झोपेत. मला हात जोडलेत. मग मी नाही उठवलं."

गुंडोने मांडीवरून खाली पडलेला बूट उचलला. मग दुसराही काढला आणि दोन्ही सीटखाली सरकवले.

"वर गेलीस?"

"तासभर इथेच पायरीवर बसले होते. मग तो टांझानियाचा उंच पोरगा एकटाच मागे राहिला होता, त्याच्याबरोबर गेले."

"पाणी लागलं?"

"त्याला लागलं. माझा हात पुरला नाही."

"हात माझ्यावर गेलाय," गुंडो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

डाबसपेट गाव मागे पडेपर्यंत मागची सगळी पोरं झोपली. क्षमा जागी होती. म्हणाली, "त्या उंच पोराला विचारलं मी. म्हटलं, दर आठवड्याला कसले रे डोंगर बघता? तो म्हणाला, पहिले दोन महिने कुठेच गेलो नाही. रविवारी हॉस्टेल ओस पडतं. आई फोनवर विचारायची, जेवलास का, आणि मी खोटंच हो सांगायचो. मग ठरवलं, रविवारी खोलीत थांबायचं नाही. डोंगर कुठलाही चालेल."

अकरा वर्षं गुंडो या पोरांना बापाच्या जिवावर उंडगणारी समजत आला होता. चारचौघांत तसं बोलायचाही. त्याने आरशात पाहिलं. माना कलंडलेल्या, तोंडं उघडी.

"तू पण बाहेर पड तिकडे," तो म्हणाला. "दर रविवारी."

"एकटी?"

"एकटी तर एकटी. बस धर, रेल्वे धर. खोलीत बसायचं नाही."

क्षमाने मान हलवली. खिडकीकडे तोंड करून तिने नाक पुसलं.

यशवंतपूरच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. मुंगीच्या पावलानेही पुढे सरकेनात. डावीकडे एक गल्ली होती. गुंडोला तोंडपाठ असलेली, अर्धा तास वाचवणारी. क्षमालाही ती माहीत होती.

"अप्पा, इथून आत वळा ना."

"बंद आहे."

"उघडी दिसतेय की. आत्ताच रिक्षा गेली."

"बंद आहे म्हटलं ना!"

क्षमाने बापाकडे पाहिलं आणि सीटला पाठ टेकली. नागराजचा फोन वाजला. गुंडोने तो उचलून सांगितलं, "ट्रॅफिक. फार आहे. वेळ लागेल," आणि फोन उलटा ठेवला.

"तुझ्या आईने काही दिलंय का खायला?" त्याने विचारलं.

"सकाळपासून तसंच आहे. तुम्ही नव्हतात, मग मीही खाल्लं नाही."

"काढ मग."

क्षमाने भाकरी मोडली, वर पूडचटणी घातली आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला. मागचा कुणीतरी हॉर्न वाजवत होता. गुंडोने काच वर केली आणि सावकाश खाऊ लागला.