आत्याचा चौदा तासांचा सराव

माझी आत्या तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसली, त्यात तिची कंबर कामातून गेली. आणि परदेशातल्या दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, भेटायचं तर विमानात चौदा तास बसायचं! म्हणून काल आम्ही घरातच सराव केला. भिंत आणि कपाटाच्या मधे खुर्ची घुसवली, गुडघ्यांना टेबल टेकवलं. दादाने फोनवर सांगितलं होतं तसं सगळं केलं: सैल मोजे, कमरेमागे उशी, दर तासाला उठून चालायचं.

"हवाईसुंदरी, पाणी आण गं!" आत्या ओरडली. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

चौथ्या तासाला ती उठेचना. म्हणाली, "राहू दे, शेजारचा झोपलाय." मला वाटलं गंमत करतेय. पाचव्या तासाला बघते तर डोळ्यांत पाणी! कंबर धरली होती. मी टेबल ओढून तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

"तिथे कोण उठवणार गं मला?"

मग तिने दादाला फोन लावला. "मला नाही जमायचं रे. तूच ये ना."

"बघतो."

सहा वर्षं हेच म्हणतोय तो! मी चिडले, तर आत्या मलाच म्हणते, "कामात असतो गं तो."